ठकीची पावलं

नऊ दिवस झाले, ऊन म्हणून पडलं नव्हतं. सकाळी उजाडताना थोडं तांबडं दिसायचं आणि मग पांघरूण ओढून घ्यावं तसं आभाळ भरून यायचं. पाऊसही पडेना आणि उघडीपही मिळेना. पत्र्याच्या छपराखाली दोनशेच्या वर माठ पालथे घातले होते. त्यांतला एकही धड वाळत नव्हता.

थोरली रोज तीनदा त्यांच्यामधून फिरायची. एकेक माठ उचलायची, कूस बदलायची, खाली राख भुरभुरायची. दोन कुंभार भावांचं ते अंगण एकच होतं. चाकं दोन, चुली दोन, भट्टी मात्र सामाईक. थोरल्या भावाची बायको ती थोरली, धाकट्याची ती धाकटी. सगळी आळी त्यांना याच नावांनी हाक मारायची, आणि त्यांनाही दुसरं नाव असल्याचा विसर पडला होता.

छपराच्या खांबाला टेकून पोत्यावर ठकी बसलेली असायची. थोरलीची एकुलती एक मुलगी, तीन वर्षं आणि दोन महिन्यांची. तिला ठेवावं तिथे ती बसायची. हातात चिखलाचा गोळा दिला की तो दाबत, कुरवाळत तासन् तास काढायची. कंबरेपासून वर मूल कसं गुटगुटीत होतं, पण पाय काटकुळे, आणि उभं केलं की ओल्या वातीसारखे दुमडायचे. ठकी हे नाव आळीनेच ठेवलेलं. लाकडाच्या ठकी बाहुलीसारखी बसून राहते म्हणून.

आणि तिच्यानंतर अकराच दिवसांनी जन्मलेली धाकटीची मुलगी सगळं अंगण पायाखाली घालायची. तिचं नाव पडलं भिंगरी. ओळीने मांडलेल्या माठांमधून ती अशी पळायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा, पण तिचा धक्का एकाही माठाला लागायचा नाही.

थोरलीच्या डोक्यात त्या दोघींचा ताळा सतत चालू असायचा. भिंगरी पालथी पडली तेव्हा ठकी नुसती उताणी. भिंगरीला सहावा दात आला तेव्हा ठकीला दुसरा. भिंगरीने उंबरा ओलांडला त्या दिवशी थोरली घरात जाऊन पिठाच्या डब्याशी उगीचच खुडबुडत बसली होती. बाहेर सगळे टाळ्या वाजवत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ठकीचे पाय दाबून, वाकवून पाहिले होते. "हाडात काही दोष नाही. ताकद कमी आहे. तेल चोळा, खायला घाला. चालेल ती, पण उशिरा."

"उशिरा म्हणजे किती, बाई?"

"ते मी नाही सांगू शकत."

थोरली घरी येऊन सासूला म्हणाली, "एवढं शिकून यांना साधी तारीख सांगता येत नाही."

म्हातारीचे डोळे गेले होते. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. ती म्हणाली, "तारीख देवाकडे असते गं. त्याला घाई नसते. घाई आपल्याला."

"त्याला घाई नाही, तर भिंगरीच्या वेळी कशी होती?"

म्हातारीने हात लांबवून ठकीचा पाय चोळायला घेतला.

धाकट्याचा माल आभाळ भरायच्या आधीच भाजून निघाला होता. उन्हाळा तोंडावर आलेला. दहाव्या दिवशी माठांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला, धाकट्याचे लालबुंद माठ बोटाने वाजवून त्याने भरून घेतले आणि थोरल्याला म्हणाला, "तुमचं काय?"

"वाळले नाहीत अजून."

"मी चार दिवसांनी परत येतो. तयार असले तर सगळे उचलतो. नाहीतर पलीकडच्या गावात कुंभार पुष्कळ आहेत, दादा. उन्हाळा काही माझ्यासाठी थांबत नाही."

टेम्पो गेला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, भट्टीला मी मदत करतो. पण ओल असेल तर नको घालायला." त्याने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. थोरलीला मात्र ते झोंबलं. ज्याचा माल गेला त्याने शहाणपण शिकवावं, असं तिला वाटलं.

माठ वाळला की नाही हे पाहायची त्या घराची रीत साधी होती. माठ उचलून गालाला लावायचा. गार लागला तर ओल आहे, कोमट लागला तर वाळला. म्हातारीनेच दोन्ही सुनांना ते शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने विचारलं, "बघितलंस का गं लावून?"

थोरलीने ओळीच्या मधला एक माठ उचलून गालाला लावला. गार. दुसरा उचलला. तोही गार, विहिरीच्या काठासारखा. पलीकडे धाकटीच्या दारात भिंगरी एका पायावर उड्या मारत मोजत होती, एक, तीन, पाच.

"वाळलेत," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"म्हटलं ना. घाला."

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "मला दे एक इकडे. मी बघते."

"तुम्ही कशाला, आत्याबाई? उठू नका, अडखळाल."

त्यांनी भट्टी लावली. खाली शेणकुटं, वर माठ, मधे भुस्सा, त्यावर पुन्हा माठ, वरून गवत आणि मातीचा लेप. दुपारी आग दिली. तासाभराने पहिला आवाज आला. फट्. जणू कोणी आतून कानाखाली वाजवली. थोरल्याने मान वर केली. पुन्हा फट्. मग दोन एकदम. मग मोजायची सोय राहिली नाही. आळीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. ते उभं राहणंच थोरलीला पुरलं. भट्टी पेटल्यावर माणसाच्या हातात काही नसतं. थोरला धुराकडे तोंड करून बसून राहिला.

निवल्यावर उघडली तेव्हा एकोणतीस माठ साबूत निघाले. बाकीच्या खापऱ्या. त्या टोपल्यांतून वाहून नेताना थोरल्याने एकदाच विचारलं, "गालाला लावून बघितलं होतंस ना?"

"हो."

त्याने पुढची टोपली उचलली. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पुन्हा माती आणायची म्हणजे खाणीवर जाणं आलं. घरामागे पन्नास-साठ पावलांवर ओढ्याच्या कडेला खड्डा होता. वरची माती वाळूमिश्रित, हातात धरली तर गळणारी. चिकण माती खाली. उन्हाळा हातचा जायच्या आत माल काढायची घाई होती, म्हणून नवराबायकोने आजूबाजूला न पसरता सरळ खालीच खणत नेलं. थोरला कुदळीने ढेकळं पाडायचा, थोरली पाट्या भरून वर द्यायची. चार दिवसांत खड्डा तिच्या खांद्याइतका खोल झाला. कड उतरती ठेवायची असते, पायऱ्या सोडायच्या असतात. "नंतर करू," ती म्हणाली.

त्या दिवसांत ठकीला धाकटीच सांभाळायची. तिच्या पायांना तेल चोळायची, तिच्याशी बोलायची. तिच्या नवऱ्याने ठकीसाठी लाकडाचा पांगुळगाडा केला होता. ठकी त्याला धरून क्षणभर उभी राहायची आणि मग मटकन बसायची. गाडा ढकलत पळायची भिंगरी.

एके संध्याकाळी थोरली खाणीवरून आली ती अंगभर चिखल घेऊन. हातांची साल गेलेली, कंबर धरलेली. समोर भिंगरी पांगुळगाडा घेऊन गरागरा फिरत होती आणि ठकी पोत्यावरून तिच्याकडे बघून हसत होती. ते हसणं थोरलीला बघवेना. तिने ठकीच्या बखोटीला धरलं, अंगणाच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "चाल."

ठकी तिच्याकडे बघत राहिली.

"चाल म्हणते ना. ती चालते, तुला काय धाड भरली आहे? चाल!" आणि तिने हात सोडले.

ठकी तोंडावर पडली. ओठ फुटला. रक्त आलं. भिंगरी टाळ्या वाजवत नाचायला लागली, "ठकी पल्ली! ठकी पल्ली!" लहान मूल ते, कोणी शिंकलं तरी टाळ्या वाजवणारं.

थोरली तिच्यावर ओरडली, "नाच, नाच! एकदा बसेल या पायांना खीळ, मग कळेल!"

धाकटी दारातच उभी होती. तिने ऐकलं. ती आली, भिंगरीला काखेत उचललं, पदराने ठकीचा ओठ पुसला आणि आत गेली.

थोरलीने मनाशी ठरवलं की सकाळी माफी मागायची. पण सकाळी पाऊस लागला.

तो अवकाळी पाऊस दोन दिवस धो धो कोसळला. ओढा दुथडी वाहिला. छपराला जागोजागी गळती. दोन्ही भाऊ, दोन्ही जावा पोती आणि पत्रे घेऊन माती झाकत पळत होती. त्या गडबडीत माफी राहिली, आणि मग थोरलीला वाटलं, धाकटी विसरली असेल.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. असं ऊन की डोळे दिपावेत. दोघी जावांनी कंबर कसली आणि नवे घडवलेले माठ छपराखालून अंगणात काढायला सुरुवात केली. पुरुष सरपण आणायला गेलेले. म्हातारी ओट्यावर ऊन खात बसलेली. ठकी खांबाशी.

"पाणी," ठकी म्हणाली. तिला मोजून दहा-बारा शब्द येत होते.

थोरलीच्या दोन्ही हातांत माठ होते. "देते, थांब."

"पाणी. पाणी."

थोरलीने माठ ठेवले, पेला भरून आणला आणि तिच्या तोंडाला लावला. ठकीने तो ढकलला. पाणी फ्रॉकवर सांडलं. "पाणी!" ती घरामागच्या बाजूला हात करून ओरडली.

"हट्ट नको करू गं. नको असेल तर मागतेस कशाला?" म्हणून थोरली पुन्हा माठांकडे वळली. आणखी सहा-सात माठ तिने उन्हात ठेवले असतील. मग धाकटीने पदराने घाम पुसत विचारलं, "भिंगरी कुठे दिसत नाही?"

दोघींनी एकदमच ठकीकडे पाहिलं. ठकी अजून त्याच बाजूला हात करून बसली होती.

धाकटी पळाली. थोरली तिच्या मागून, आणि वाटेत तिला मागे टाकून पुढे. खड्डा काठोकाठ भरला होता, वर गढूळ, निवांत पाणी. थोरलीने उडी टाकली. पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं. ती तळाशी पायांनी चाचपडत राहिली. काठाची माती धरायला जावी तर ढासळत होती. चौथ्या की पाचव्या पावलाला तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

तिनेच तिला वर आणलं. तिनेच उपडं धरून पाणी काढलं, पाठ चोळली, तोंडात तोंड घालून फुंकलं. धाकटी समोर गुडघ्यांवर बसून एकच म्हणत होती, "जाऊबाई, उठवा ना हिला. जाऊबाई, उठवा ना."

भिंगरी उठली नाही.

नंतरच्या दिवसांत अंगणात चाक फिरलं नाही. धाकट्याने एकट्याने तो खड्डा बुजवला. थोरला फावडं घेऊन गेला तेव्हा म्हणाला, "नको दादा, मला करू दे." आळीतल्या बायका येऊन बसायच्या. एक म्हणाली, "देवाची मर्जी." म्हातारी ओट्यावरून एवढ्या जोरात ओरडली की बाई दचकली. "गप बस! ज्याचं गेलंय त्याला बोलू दे ते. तू नको बोलू."

धाकटी बोलतच नव्हती. ती आपल्या पायरीवर बसून असायची. जेवण समोर ठेवलं तर दोन घास खायची. ठकीकडे मात्र ती बघायची नाही. खांबापाशी तिची नजर आली की वळून निघून जायची. थोरलीला ते दिसायचं आणि ती ठकीला उचलून घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवायची.

एकदा तिने म्हातारीचे पाय दाबता दाबता तोंड उघडलं. "आत्याबाई, माझ्या तोंडून निघालं होतं. खीळ बसेल म्हणून."

म्हातारीने पाय आखडून घेतला. मग म्हणाली, "तुझ्या शब्दाने जीव जायला लागले तर देवाला काम काय उरलं? एवढी मोठी नाहीस तू." आणि थोड्या वेळाने, "पण बोललीस ते वाईटच. ते तिच्यापाशी जाऊन बोल. माझ्यापाशी बोलून काय?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवऱ्याला सांगितलं, "माठ ओले होते. गार लागले होते मला. मी खोटं बोलले. ते फुटले नसते तर आपण एवढं खाली खणलं नसतं."

थोरला चाकाला वंगण घालत होता. त्याने हात थांबवला नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू गेल्यावर मीही एक लावून बघितला होता."

"मग?"

"मलाही टेम्पो भरायचा होता ना. धाकट्यासारखा."



धाकटीपाशी बोलायला तिला आणखी महिना लागला. ऊन रणरणत होतं. ती गेली आणि पायरीच्या खाली जमिनीवर बसली. "धाकटे, तो खड्डा मी खणला. पायऱ्या सोडल्या नाहीत. आणि त्या दिवशी मी जे बोलले..."

"ऐकलं होतं मी," धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज घोगरा झाला होता. "जाऊबाई, तुम्हाला वाटतं मी तुम्हाला शिव्या देत असेन. मी देते. रोज देते. मग आठवतं, पाण्यात तुम्ही शिरलात. माझे पाय काठावरच गळाले होते." ती उठली. "आता जा. आणखी बोलू नका."

त्यानंतर थोरलीने ठकीला उभं करणं सोडलं. देवाकडे मागणंही सोडलं. तीन वर्षं ती एकच मागत होती, भिंगरीसारखे पाय दे. आता दिव्यापुढे हात जोडले की ते वाक्य जिभेवर यायचं आणि ती हात खाली घ्यायची. दुसरं काय मागावं हे तिला सुचत नव्हतं. तेल चोळणं तेवढं चालू ठेवलं, भांडी घासावीत, झाडलोट करावी, तसं.

उन्हाळा सरत आला होता. एका सकाळी थोरली अंगणात चिखल तुडवत होती. राख मिसळलेला चिखल, घोट्यापर्यंत पाय. सहज मान वळवली तर ठकी पोत्यावर नव्हती. ती खांबाला धरून उभी होती. थोरलीचे पाय चिखलात थांबले. ठकीने खांब सोडला. एक पाऊल टाकलं. थांबली. पोटऱ्या थरथरत होत्या. दुसरं टाकलं. मग तिसरं आणि चौथं एकदम, पडता पडता, आणि मग पाचवं.

या दिवसाची तयारी थोरलीने किती वर्षं केली होती. आळीभर ओरडत जायचं, एकेक दार वाजवायचं, ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं त्यांना ओढून आणायचं. तिच्या छातीत ते सगळं उसळून आलं, आणि त्याच क्षणी तिची नजर समोरच्या पायरीवर गेली. धाकटी तिथे उभी होती. सगळं बघत होती.

थोरली चिखलातून धावली. ठकीच्या काखेत हात घालून तिने तिला पटकन खाली बसवलं, चोरीचा माल लपवावा तसं.

"बसवू नका तिला," धाकटी म्हणाली.

"नाही, ती आपली..."

"बसवू नका म्हणते ना. उभी राहिली आहे तर राहू दे." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दारामागून तिचं रडणं ऐकू आलं. भिंगरी गेल्यापासून आजवर ती अशी रडली नव्हती. थोरली हातातल्या मुलीला घेऊन अंगणात उभी राहिली आणि ते ऐकत राहिली, कारण तिथून निघून जाणं तिला बरं वाटेना.

तिने कोणालाच सांगितलं नाही. नवरा आल्यावर हळूच म्हणाली, "चालली." त्याने आधी भावाच्या घराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "किती?"

"पाच."

म्हातारीने ठकीला मांडीवर घेऊन तिच्या तळव्यांवरून बोटं फिरवली. एरवी मऊ असणारे ते तळवे आता मातीने खरखरीत लागले. म्हातारीच्या विझल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हीच वेळ का धरली, आत्याबाई, त्याने?" थोरलीने विचारलं. "थोडी आधी नाही, थोडी नंतर नाही."

"ते मला विचारू नकोस. मी पंच्याहत्तर वर्षं त्याच्यावर भरवसा ठेवून आहे. त्याने मला अजून एकदाही कारण सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी घरातून बाहेर आली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले. अंगणात येऊन ती मातीच्या ढिगापाशी बसली आणि ढेकळं फोडायला लागली. कितीतरी दिवसांनी तिच्या हातात काम दिसलं. थोरली खांबापाशी होती. दोघींमध्ये वीसेक पावलांचं अंगण.

थोड्या वेळाने, मान वर न करता धाकटी म्हणाली, "पाठवा तिला माझ्याकडे."

"उचलून आणते."

"उचलून नको."

थोरलीने ठकीला उभं केलं आणि हात काढून घेतले. ठकी निघाली. सहा पावलं गेली, सात गेली, आणि अंगणाच्या मधोमध मटकन बसली. थोरलीचा पाय पुढे पडला, पण तिने तो मागे घेतला आणि ती खांबापाशीच खाली बसली. धाकटीने ढेकळं फोडायचं थांबवलं. तीही उठली नाही, तिने हाकही मारली नाही, हातही पुढे केला नाही.

ठकीला जमिनीवर एक मुंगी दिसली होती. ती वाकून तिच्याकडे बघत बसली. ऊन चढत होतं, चिखल सुकत होता, कामं खोळंबली होती. दोन्ही बाजूंना दोघी बायका बसून राहिल्या, मुलगी आपली आपण उठेल तेव्हा उठेल म्हणून.